भंडाऱ्याचे तलाव व चार शास्त्रें

इ. स. १९११ सालीं प्रसिद्ध झालेल्या ब्रिटानिका विश्वकोशाच्या अकराव्या आवृत्तींत भंडारा जिल्ह्यासंबंधीं एक लहानसें टिपण आहे. त्यांत या जिल्ह्यांतील लहानमोठ्या तलावांची संख्या ३,६४८ अशी दिलेली आहे. आंकडा गोल नाहीं, नेमका आहे. आणि नेमक्या आंकड्यास एक प्रकारचा अधिकार आपोआप प्राप्त होत असतो. वाचणारा मनांत म्हणतो कीं, कोणीतरी गांवोगांव हिंडून मोजलें असलें पाहिजे. मोजलें असेलहि. परंतु मोजणाऱ्याच्या हिशेबीं तलाव म्हणजे काय, हा प्रश्न त्या आंकड्याच्या पोटांत दडून राहतो. शेताच्या वरच्या अंगास एकाच कुटुंबानें बांधलेली बोडी हा तलाव कीं नव्हे? जें उन्हाळ्यांत आटतें व ज्याच्या पोटांत मग पीक काढतात, तें तळें कीं शेत? एकाचें पाणी सांडून दुसऱ्यांत व दुसऱ्याचें तिसऱ्यांत जातें अशी तळ्यांची माळ असली, तर ती एक मोजावयाची कीं तीन?

हे प्रश्न वरवर पाहतां पोरकट वाटतील. पण गेल्या दीडशें वर्षांत भंडाऱ्याच्या तलावांविषयीं जें संशोधन झालें, जे कायदे झाले आणि जे नकाशे निघाले, त्या सर्वांचें यशापयश याच प्रश्नांशीं निगडित आहे, असें आमचें मत आहे. आमच्याकडील विद्यापीठांत कायद्याचा अभ्यास एका इमारतींत चालतो, वनस्पति व प्राणी यांचा दुसऱ्या इमारतींत, भाषेचा तिसऱ्या. आणि वयानें सर्वांत धाकटें जें संगणकशास्त्र, तें बहुधा सर्वांत नव्या इमारतींत असतें. तलावाला या भिंती ठाऊक नाहींत. तो एकाच वेळीं मालकीची वस्तु, माशांचें घर, शब्दांचें भांडार आणि नकाशावरील ठिपका असतो. चारहि शास्त्रें भंडाऱ्याच्या तलावावर आलीं खरीं. पण निरनिराळ्या काळीं, निरनिराळ्या वाटांनीं आलीं, आणि प्रत्येकानें आपल्यापुरतें पाणी भरून नेलें. त्यांच्या येण्याजाण्याचा हा इतिहास आहे. येथें भंडारा म्हणतांना जुना भंडारा जिल्हा समजावयाचा. १ मे १९९९ रोजीं त्यांतून गोंदिया हा निराळा जिल्हा झाला, व नवेगांव बांधासारखे मोठे तलाव तिकडे गेले.

प्रथम तलाव कसा असतो तें पाहूं. वैनगंगेच्या खोऱ्यांतील हा मुलूख, ज्याला तेथील लोक झाडीपट्टी म्हणतात, सपाटहि नाहीं आणि फारसा डोंगराळहि नाहीं. जमीन हळूहळू उतरत जाते, मधूनमधून टेकड्यांच्या रांगा येतात. दोन टेकड्यांमधील खिंडार मातीच्या बांधानें बुजविलें कीं वरच्या अंगास पावसाचें पाणी तुंबतें, आणि खालच्या अंगास पायऱ्यापायऱ्यांनीं भाताचीं शेतें उतरत जातात. पाऊस पुष्कळ पडतो. परंतु भाताला तो पाहिजे त्या आठवड्यांत पडेलच असें नाहीं. ऐन रोवणीच्या वेळीं किंवा लोंबी भरतांना पंधरा दिवस उघाड पडली, तर तें संकट तलावानें निवारावयाचें. म्हणजे हे तलाव दुष्काळी मुलखांतील तलावांसारखे नव्हेत. ते भरपूर पावसाच्या मुलखांत पावसाची लहर सांभाळण्यासाठीं बांधलेले आहेत.

बांधणाऱ्यांत कोहळी लोकांचें नांव सर्वांच्या पुढें आहे. रसेल व रायबहादूर हिरालाल यांनीं १९१६ सालीं मध्यप्रांतांतील जातिजमातींवर जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत कोहळ्यांची ऊंस लावणारे व तलाव बांधणारे अशी ओळख आहे. चांद्याच्या गोंड राजानें त्यांना काशीकडून आणविलें, आणि जो तलाव बांधील त्यास त्याच्या पाण्याखालीं भिजेल तेवढी जमीन द्यावी असा नियम केला, अशी परंपरा सांगतात. परंपरेंतील काशीचा भाग आम्ही फारसा धरून बसत नाहीं; हिंदुस्थानांतील अर्ध्याअधिक जाती आपलें मूळ काशीस नेऊन ठेवतात. पण जमिनीविषयींचा नियम मात्र विचार करण्याजोगा आहे. त्यांत जमीन आधीं व पाणी मागून असें नसून, पाणी आधीं व जमीन मागून, असा क्रम आहे. नवेगांवचा बांध, ज्याच्या पाण्याचा घेर जुन्या गॅझेटिअरांत सुमारें १७ मैल सांगितला आहे, तो अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यानें बांधला असें मानतात. आणि लोकांनीं त्यास पुढें देव करून बांधावरच बसविलें. सनद देणाऱ्या राजाला हा मान मिळाला नाहीं.

आतां भाषेकडे येऊं. कारण ज्ञान प्रथम शब्दांत सांठतें. झाडींत तलावाच्या बांधास पार म्हणतात. पारेंतून खालच्या शेतांस पाणी सोडण्याची जी उघडझांप करतां येणारी मोरी असते, तिला तुडुम हा शब्द आहे. तलाव भरल्यावर जादा पाणी ज्या वाटेनें निघून जातें, तो पुण्याकडील वाचकांचा सांडवा, झाडींत सलंग होतो. बांध घातलेला भाताचा तुकडा ती बांधी, तिच्या कडेचा मातीचा वरवंटा तो धुरा, भाताचीं रोपें ते पऱ्हे, तीं उपटून लावण्याचें काम ती रोवणी, आणि न रोवतां बियाणें नुसतें फेंकून पेरलें तर तें आवत्या. यांपैकीं प्रत्येक शब्दामागें एक निर्णय आहे: पाणी कोणत्या उंचीवर धरावें, केव्हां सोडावें, कोणाच्या बांधींतून कोणाच्या बांधींत न्यावें. तुडुम केव्हां उघडावयाचें हें एका माणसानें ठरवावयाचें नसतें. म्हणून त्या शब्दाबरोबर गांवच्या बैठकीचीं भांडणें व तडजोडीहि येतात.

या भाषेचें पहिलें पद्धतशीर संशोधन ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणांत झालें. त्याचा मराठीविषयक सातवा खंड स्टेन कोनो यांनीं सिद्ध केला व तो १९०५ सालीं निघाला. काम अवाढव्य होतें व त्याची थोरवी आम्हांस पूर्ण मान्य आहे. परंतु त्याची रीत कशी होती, तें पाहावें. बायबलांतील उधळ्या पुत्राचा दृष्टांत प्रत्येक बोलींत सांगवून घ्यावयाचा, आणि त्याच्या जोडीस शब्दांची व वाक्यांची एक ठराविक यादी भरून घ्यावयाची. तुलनेसाठीं हें सोयीचें होतें. सर्वांना एकच मजकूर दिल्याखेरीज प्रत्ययांतील भेद कळावयाचे कसे? पण त्या दृष्टांतांत बाप आहे, दोन मुलगे आहेत, डुकरें आहेत, पुष्ट वासरूं आहे. भात नाहीं, मासा नाहीं, बांध नाहीं. यादींतील वाक्यांत विहिरींतून पाणी काढण्याचें एक वाक्य आहे, तेवढेंच काय तें पाणी. म्हणजे झाडींतला माणूस बोलला, पण आपल्या जन्माच्या धंद्याविषयीं एक अक्षरहि न उच्चारतां बोलला. क्रियापदाचीं रूपें हातीं लागलीं. तुडुम व सलंग बाहेर राहिले. यांत दोष कोणाचा नाहीं. जो प्रश्न विचारला त्याचें उत्तर आलें, इतकेंच.

मराठीच्या कोशांची वाटहि याहून फार निराळी नव्हती. मोल्सवर्थचा कोश १८३१ सालीं निघाला तेव्हां नागपूरचें राज्य भोंसल्यांकडे होतें; कोशाचे साहाय्यक पंडित देशावरचे व कोंकणचे. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशानें १९३२ ते १९३८ या काळांत सात खंड काढून क्षेत्र पुष्कळ वाढविलें. तरी झाडीचा स्वतंत्र संसार मांडण्याचें काम झाडीच्याच माणसास करावें लागलें. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनीं झाडीबोलीच्या शब्दांचा कोश सिद्ध केला, आणि बोलीच्या अभ्यासाला चळवळीचें रूप दिलें. असे कोश भाषेच्या अभिमानापोटीं जन्मास येतात, पण त्यांचा उपयोग भाषेपलीकडे असतो. तलावाचा कायदा करूं पाहणाऱ्यानें आधीं असा कोश चाळावयास हवा होता, असें पुढील हकीकतीवरून दिसेल.

१८५४ सालीं नागपूरचें राज्य खालसा झालें व १८६१ सालीं मध्यप्रांत निर्माण झाला. पुढील जमाबंदींत इंग्रज सरकारनें पाटलांस व इजारदारांस गांवाचे मालगुजार, म्हणजे मालक ठरविलें. ज्यास काल सारावसुलीचा अधिकार होता, तो आज जमीनजुमल्याचा धनी झाला. आणि तलावहि त्याच्या धनीपणांत आला. तरी त्या कायद्यानें एक गोष्ट चांगली केली, ती मान्य केली पाहिजे. प्रत्येक गांवासाठीं वाजिब-उल-अर्ज नांवाचा एक कागद होई. त्यांत गांवच्या चालीरीती, चराई, जळण, वाटा, पाण्याचे हक्क हे लिहून ठेवीत. रोजच्या गरजेपुरतें रान व पाणी वापरण्याच्या हक्कास निस्तार हा शब्द रूढ होता. कागद मालकाचे नांवें असला तरी गांवाचा आवाज त्यांत थोडाबहुत शिरला होता. यावरून मालगुजारी म्हणजे रामराज्य होतें असें मात्र कोणीं समजूं नये. तलावाची पार दुरुस्त करण्यास कुळें राबत, तीं कांहीं निव्वळ प्रेमानें नव्हे. आणि ज्या ढिवरांच्या जाळ्यावर तळ्याची मासळी निघे, त्यांच्या वाट्यास काय येई तें मालगुजाराच्या मर्जीवर असे.

स्वातंत्र्यानंतर ही पद्धति जाणें योग्यच होतें. मध्यप्रदेशाच्या १९५० सालच्या मालकी हक्क निर्मूलन कायद्यानें ती गेली व ३१ मार्च १९५१ पासून हक्क सरकारांत निहित झाले. अहेरीचे जमीनदार विश्वेश्वरराव यांनीं या कायद्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयांत धाव घेतली. १९५२ सालीं न्यायालयानें कायदा उचलून धरला. त्या वादांत मालकी, मोबदला व सार्वजनिक हित या शब्दांचा कीस निघाला. आमचें लक्ष मात्र कायद्याच्या चवथ्या कलमांतील एका यादीकडे जातें. सरकारांत काय काय जाणार हें तेथें ओळीनें सांगितलें आहे: जमीन, कुरण, झुडपी रान, जंगल, झाडें, मत्स्यस्थानें, विहिरी, तलाव, पाट, नावघाट, पायवाटा, हाट, बाजार. तलाव येथें विहिरी व पाट यांच्यामध्यें एक वस्तु म्हणून बसला आहे. वहिवाटीच्या जमिनींतले तलाव जुन्या मालकांकडे ठेवण्याची तरतूद पुढच्या कलमांत आहे. म्हणजे तेथेंहि प्रश्न एकच, कीं तलाव कोणाचा? पार फुटली तर ती कोणीं बांधावयाची, तुडुमाची किल्ली कोणाच्या हातीं, सलंगेवरून गेलेलें पाणी खालच्या गांवाचें कीं कोणाचेंच नाहीं, हे प्रश्न त्या यादींत कोठेंच बसत नव्हते. वस्तु हस्तांतरित झाली. वस्तूभोंवतीं उभी असलेली रीत हस्तांतरित झाली नाहीं. रीत कांहीं खतावणींत लिहून देतां येत नाहीं.

पुढें १९५६ सालीं विदर्भ मुंबई राज्यांत आला व १९६० सालीं महाराष्ट्रांत. शंभर हेक्टरांच्या आंत ओलीत करणारे तलाव जिल्हा परिषदांकडे गेले, त्यांहून मोठे पाटबंधारे खात्याकडे. सरकारनें दुरुस्तीवर पैसा खर्च केला आणि पाणीपट्टी मागितली. शेतकऱ्यांनीं जमाबंदीचे जुने कागद पुढें करून सांगितलें कीं, हें पाणी आमच्या जमिनीबरोबरच आलेलें आहे. दोघांचेंहि म्हणणें आपापल्या शास्त्राप्रमाणें बरोबर होतें, आणि त्यामुळेंच भांडण मिटेना. मधल्या काळांत गाळ सांचला. कचेरीच्या भाषेंत या तलावांस ‘माजी मालगुजारी’ हें नांव मिळालें, त्याचें आद्याक्षरांनीं ‘मामा तलाव’ झालें. जुन्या झाडीमुलखांत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत, असे सुमारें ७,००० तलाव आहेत. हा कोणत्या मामाचा तलाव, असें एखाद्या पोरानें विचारलें तर त्यास हंसूं नये. ज्याची मालकी १९५१ सालींच संपली, त्याच्या नांवानें तलाव अद्याप ओळखला जातो. जे पाणी वापरतात त्यांचा त्या नांवांत मागमूस नाहीं.

निसर्गशास्त्र तलावावर आलें तें प्रथम मत्स्योत्पादनाच्या निमित्तानें. १० जुलै १९५७ रोजीं ओरिसांत हिरालाल चौधरी यांनीं माशांच्या मस्तिष्कांतील एका ग्रंथीचा अर्क टोंचून कार्प जातीच्या माशांकडून बंदिस्त पाण्यांत अंडीं घालविलीं. रोहू, कातला, मृगळ हे मासे एरव्हीं वाहत्या नदींतच विणीस येतात. या शोधानें त्यांचें बीज हवें तितकें मिळूं लागलें व देशभरच्या तळ्यांत सुटलें. शोध मोठा, यांत शंका नाहीं. कोट्यवधि लोकांच्या ताटांत मासा आला. पण त्यानें तलाव म्हणजे मासा वाढविण्याची कोठी, अशी दृष्टि रूढ केली. झाडीच्या तळ्यांत मरळ, सिंगी यांसारखे मासे पाणवनस्पतींच्या आडोशानें आपोआप वाढत, त्यांना बीज विकत आणावें लागत नसे. त्यांची गणना मात्र उत्पन्नाच्या कोष्टकांत होईना. इकडे उथळ कांठावर बेशरम नांवाची परकी झुडुपवजा वेल माजली. नांव लोकांनीं ठेवलेलें आहे व तें सार्थ आहे. ती माजली कीं देवधानाला, म्हणजे तळ्यांत आपोआप उगवणाऱ्या रानभाताला, जागा राहत नाहीं, आणि त्याबरोबर पांखरांचा चाराहि जातो.

या ठिकाणीं भंडारा निसर्ग व संस्कृति अभ्यास मंडळाच्या कार्याचा उल्लेख केलाच पाहिजे. मंडळाच्या नांवांतच निसर्ग व संस्कृति हे दोन शब्द शेजारीं बसले आहेत, आणि कामहि नांवाला साजेसें झालें आहे. मंडळाच्या लोकांनीं ढिवरांना माशांविषयीं विचारलें. कोणता मासा कोणत्या वनस्पतींत अंडीं घालतो, तळ्याच्या कोणत्या भागांत काय उगवतें, हें त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलें. मग बेशरम उपटून, देशी पाणवनस्पति लावून, देशी मासे परत आणण्याचे प्रयोग ढिवर स्त्रीपुरुषांसह केले. भाषिक सर्वेक्षणानें जो प्रश्न विचारला नव्हता, तो येथें निसर्गाच्या अभ्यासकांनीं विचारला. आणि उत्तरांत शास्त्रहि आलें व कोशहि. कायद्यासहि सारस पक्ष्याच्या निमित्तानें पुन्हां तळ्याकांठीं यावें लागलें. महाराष्ट्रांत सारस उरला आहे तो मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याच्या भातशेतांत व तलावांत. २०२१ सालीं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें त्याच्या रक्षणाचा प्रश्न स्वतः होऊन दाखल करून घेतला. पक्ष्याला वाचवावयाचें तर तळें वाचवावें लागतें, हें न्यायालयासमोर आपोआप आलें.

राहतां राहिलें संगणकशास्त्र. १७ मार्च १९८८ रोजीं भारताचा पहिला कार्यकारी दूरसंवेदन उपग्रह आकाशांत गेला. त्याच वर्षीं नागपुरांत महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राची स्थापना झाली. तलाव मोजण्यासाठीं गांवोगांव हिंडण्याची आतां गरज उरली नाहीं, असें वाटण्यासारखा हा काळ. तत्त्व सोपें आहे. सूर्यप्रकाशांतील जे जवळचे अवरक्त किरण हिरवीं पानें जोरानें परावृत्त करतात, तेच पाणी गिळून टाकतें. म्हणून त्या किरणांच्या चित्रांत पाणी काळें दिसतें व झाडी उजळ. या फरकाचें गणिती गुणोत्तर १९९६ सालीं मॅकफिटर्स यांनीं मांडलें, आणि संगणक क्षणांत हजारों तळीं वेगळीं काढूं लागला. पण यंत्र पाणी ओळखतें, तलाव ओळखत नाहीं. कमळाच्या पानांनीं झांकलेलें तळें त्याला रान वाटतें. बेशरमीनें भरलेलें तळें तसेंच. झाडांच्या सावलींतली बोडी त्याला दिसतच नाहीं. उन्हाळ्यांत पोटांत पीक असलेलें तळें शेत ठरतें, आणि पावसाळ्यांत पाण्यानें भरलेली बांधी तळें ठरते. आमच्या आरंभींच्या प्रश्नांशीं वाचकांनीं हे प्रश्न ताडून पाहावे. पाटवारी गेला, उपग्रह आला, अडचण तीच आहे.

२०२३ सालीं केंद्र सरकारनें देशांतील जलाशयांची पहिली गणना प्रसिद्ध केली. तींत २४,२४,५४० जलाशय नोंदले आहेत, त्यांपैकीं महाराष्ट्रांत ९७,०६२. या गणनेंत मालकी, उपयोग, अतिक्रमण असे रकाने आहेत, हें १९११ च्या आंकड्याहून पुष्कळच पुढचें पाऊल आहे. भाषेच्या बाजूनेंहि संगणक कामास लागला आहे. मुंबईच्या आयआयटींत मराठीचें शब्दजाळें तयार झालें. त्याची रीत अशी कीं, हिंदी शब्दजाळ्यांतील अर्थ घ्यावयाचे व त्यांस मराठी शब्द जोडावयाचे. वेगानें काम करण्यास ही रीत उत्तम. मात्र जो अर्थ मुळांत हिंदीच्या यादींत नाहीं, त्याला या वाटेनें मराठींत येणें कठीण. येथें आम्हांस उधळ्या पुत्राची पुन्हां आठवण होते.

चारहि शास्त्रांस एका चटईवर बसविणारा एक कागद अद्याप आहे, तो म्हणजे गांवोगांवचा वाजिब-उल-अर्ज. २००६ सालच्या वनहक्क कायद्यानें त्याला नवें मोल आलें आहे. कारण त्या कायद्याच्या तिसऱ्या कलमांत निस्तार हा शब्द जसाच्या तसा घातला आहे, आणि जलाशयांतील मासळीचा हक्कहि सामुदायिक हक्कांत मोजला आहे. अर्थात् तो हक्क वनजमिनीपुरताच. पण झाडींत रान कोठें संपतें व तळें कोठें सुरू होतें, हें ठरविणें सोपें नाहीं. जुन्या महसुली कागदांचीं छायाचित्रें घेऊन तीं संगणकांत भरण्याचें काम राज्यांत चालू आहे. छायाचित्र झालें म्हणजे कागद वाचला गेला असें नव्हे. पाटवाऱ्याचें घसरतें अक्षर, फारशी-अरबी शब्दांनीं भरलेली महसुली भाषा आणि मधूनच आलेला एखादा झाडीचा शब्द, यांपुढें यंत्राची नजर अडखळते. तेथें कोशकार हवा, तो शब्द सांगेल. ढिवर हवा, तो त्या शब्दाची जागा तळ्यावर दाखवील. वकील हवा, तो त्या वाक्यांतून कोणता हक्क निघतो तें सांगेल. मग संगणकशास्त्रज्ञानें तो हक्क नकाशावरील त्या ठिपक्याला जोडावा. साकोली तालुक्यांतील दहा गांवांपासून आरंभ करतां येईल. तुडुमासाठीं एक रकाना मात्र पहिल्या दिवसापासून ठेवावा.